अनोळखी झाडाची ओळख



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा "अनोळखी झाडे ओळखायची कशी" असे मी सांगितले. त्यावर त्यांच्यातले एकजण हसून म्हणाले, "गुरुजी, आम्ही शेतकऱ्यांची मुले. आम्हांला झाडे काय ओळखायला शिकवता?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा, ह्यांच्यामध्ये वसलेल्या ह्या तालुक्यातल्या माणसाला झाडपाला दाखवायला निघणे म्हणजे कुंभोजच्या माणसाला बाहुबलीच्या डोंगराची वाट सांगण्यासारखेच आहे. तरीही मी विषय बदलला नाही, कारण गेल्या दसऱ्याची एक गोष्ट माझ्या मनात ताजी होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोने द्यायला जी मंडळी घरी आली, त्यांनी दिलेली पाने मी एका ताटात जमा करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सहज निवडून पाहिली, तर निम्म्याहून अधिक पाने कांचनाची निघाली. देणारे सगळे इथलेच, शेतीवाडीचे. बाजारात ढीग घालून बसलेल्या पोरांनी जे विकले ते त्यांनी घेतले. मधोमध चिरलेले जोडपान दिसले, की तो आपटा, एवढी खूण त्यांनी पुरेशी मानली. आता आपटा आणि कांचन ही भावंडे आहेत, ह्यात शंका नाही. शास्त्रात दोघांच्याही प्रजातीचे नाव बाउहिनिया असे आहे. युरोपात बाउहिन नावाचे दोन भाऊ वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांची आठवण म्हणून ह्या जोडपानाच्या झाडांना ते नाव मिळाले. पण भावंडे झाली तरी माणसे दोन. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक; कांचनाचे त्याहून बरेच मोठे आणि पातळ. आपट्याचे झाड वेडेवाकडे, त्याची फुले बारीक, पिवळट पांढरी, कुणाच्या लक्षातही न येणारी. कांचनाचे फूल जांभळे किंवा गुलाबी, रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवणारे. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचन दिला म्हणून कुणाचे काही बिघडत नाही; देणाऱ्याचे मन खरे असले म्हणजे झाले. परंतु एकच खूण पाहून नाव ठेवण्याची ही सवय दसऱ्यापुरती राहत नाही, म्हणून हा प्रपंच.

आपल्या मराठीतली झाडांची काही नावे मुद्दाम एकामागून एक म्हणून पाहा. पिवळा धोत्रा, मोगली एरंड, रानटाकळा, विलायती चिंच, वेडी बाभूळ, पिवळी कण्हेर, खोटा अशोक. ह्या प्रत्येक नावातला दुसरा शब्द ओळखीचा आहे आणि पहिला सावधगिरीचा. ज्याने पहिल्यांदा "पिवळा धोत्रा" म्हटले, त्याला सांगायचे होते की हे धोत्र्यासारखे काटेरी बोंडाचे आहे खरे, पण धोत्रा नव्हे. अनोळखी झाड गावात आले, की आपल्या लोकांनी ते ओळखीच्या झाडाशेजारी ठेवून पाहिले आणि फरक दिसताच पुढे एक विशेषण लावून दिले. ह्यांतली कितीतरी झाडे अमेरिकेतून आलेली आहेत. पिवळा धोत्रा, मोगली एरंड, विलायती चिंच, पिवळी कण्हेर ही सगळी तिकडची. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी लोकांच्या येण्याजाण्यानंतर ती इकडे रुजली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यांना ही जोडनावे दिली. हे काम अडाणीपणाचे नव्हते. पण बोलण्याच्या घाईत विशेषण गळून पडते आणि मागे नुसता "धोत्रा", नुसता "एरंड", नुसता "अशोक" उरतो. माझ्या मते झाडांच्या ओळखीतले बहुतेक घोटाळे ह्या गळलेल्या विशेषणात असतात.

अशोकाचेच घ्या. शाळा, कचेऱ्या, बंगले ह्यांच्या आवारात उंच, सरळ, निमुळती, खाली झुकलेल्या पानांची जी झाडे रांगेने लावलेली असतात त्यांना सगळेच अशोक म्हणतात. मुले निबंधात लिहितात की ह्याच झाडाखाली सीतामाई बसली होती. वास्तविक हे झाड सीताफळाच्या कुळातले. पान साधे, लांबट, कडेने लाटालाटांचे. फूल हिरवट, पानांत लपणारे. खऱ्या अशोकाचे, म्हणजे सीता-अशोकाचे, पान संयुक्त असते. एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबती. फुलांचे नारिंगी-तांबडे गुच्छ थेट जून फांद्यांवरही येतात. दोघांत साम्य म्हणाल तर कोवळी पाने खाली लोंबतात, एवढेच. आणि इथे घोटाळ्याची किंमत निबंधातल्या एका गुणावर थांबत नाही. अशोकाची साल स्त्रियांच्या विकारांवरचे औषध म्हणून विकली जाते, आणि त्या सालीत ह्या खोट्या अशोकाची साल मिसळलेली असल्याचे वनौषधींच्या तपासणीत वारंवार आढळले आहे. औषध घेणाऱ्या बाईला सालीवरून काय कळणार?

मी स्वतः हा धडा फार ओशाळून शिकलो. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, मुलांची सहल घेऊन मी आळत्याजवळच्या रामलिंगाच्या डोंगराला गेलो होतो. दुपारी डबे झाल्यावर मुले पाणंदीने हिंडत होती. तासाभराने त्यांतली पाच-सहा पोटात कळ येते म्हणून मुरगळून बसली आणि भडाभडा ओकू लागली. कुंपणावरच्या फळांतल्या बिया फोडून त्यांनी खाल्ल्या होत्या. भुईमुगासारख्या लागतात, म्हणाली. एका बैलगाडीतून मुलांना जवळच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "काय खाल्ले?" मी सांगितले, "एरंडाच्या बिया." विज्ञानाचा शिक्षक मी, माझ्या शब्दावर अविश्वास ठेवायचे डॉक्टरांना कारण नव्हते. त्यांचा चेहरा पालटला. एरंडाच्या बीतले विष फार जहाल. त्याचा खरा परिणाम कधी कधी दिवसा-दोन दिवसांनी दिसतो. मुलांना कोल्हापूरला हलवण्यासाठी मोटार पाहायला त्यांनी माणूस पाठवला. आणि मग मला म्हणाले, "गुरुजी, नाव पुरे झाले. फांदी आणा."

मी उठायच्या आत दारात उभी असलेली एक म्हातारी बोलली. भांगलणीहून परतताना गाडीमागून ती चालत आली होती. "गुर्जी, त्यो एरंड न्हवं. मोगली एरंड हाय त्यो. आमी कुपाटीला लावतो, जनावर तोंड लावत न्हाई."

"आक्का, नक्की?" मी विचारले.

"थांबा, आनून दावते," म्हणून ती गेली आणि फळांसकट एक डहाळी घेऊन आली. डॉक्टरांनी फळ हातात फिरवून पाहिले. एरंडाच्या बोंडावर मऊ काटे असतात. हे फळ गुळगुळीत होते. एरंडाच्या पानाला सात-आठ किंवा अधिक खोल बोटे असतात, कडा दातेरी असतात आणि देठ पानाच्या काठाला न लागता आत, मध्याजवळ लागतो, छत्रीच्या दांड्यासारखा. ह्या पानाला उथळ तीन-पाच कोपरे होते आणि देठ काठाला होता. मोगली एरंडही विषारीच. त्यानेही जीव कासावीस होतो, पण बहुधा ओकाऱ्या आणि ढाळ ह्यांवर निभावते. मुलांना रात्रभर सलाइनवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी गेली. माझ्या एका गळलेल्या विशेषणाने त्या आयाबापांची ती रात्र किती जड केली, हे मी विसरलेलो नाही. ह्याच झाडाला चंद्रज्योत असेही म्हणतात, आणि शाळेजवळच्या चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत अजून येतात. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने ह्या बियांच्या तेलापासून डिझेल करण्याची शिफारस केली, त्यानंतर ठिकठिकाणी ह्याची लागवडही झाली. पालकांनी आणि शिक्षकांनी हे झाड तरी डोळ्यांनी पाहून ठेवावे.

डॉक्टरांचे ते वाक्य मी पुढे जन्मभर शिकवले. फांदी आणा, म्हणजे नुसते पान नव्हे आणि नुसते फूलही नव्हे. अनोळखी झाडापुढे उभे राहिल्यावर त्याचे नाव एकदम विचारू नये. त्यालाच क्रमाने काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, पान कोठे सुरू होते आणि कोठे संपते? हा प्रश्न पोरकट वाटेल, पण सगळ्यांत जास्त माणसे इथेच चुकतात. कडुनिंबाचे "पान" म्हणून आपण जे तोडतो ती पर्णिका असते. पान म्हणजे तो सबंध दांडा. ओळखायचे कसे? पानाच्या बगलेत, जिथे देठ फांदीला मिळतो तिथे, कळी किंवा डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. डोळा सापडला, की पान सापडले. एवढ्या एका खुणेवर खरा अशोक आणि खोटा अशोक अर्ध्या मिनिटात वेगळे होतात.

दुसरा प्रश्न, पाने फांदीवर बसली आहेत कशी? एकाआड एक, समोरासमोर, की एका पेरावर तीन-तीन? कण्हेरीकडे पाहा. देवाला वाहतो त्या तांबड्या-पांढऱ्या कण्हेरीच्या प्रत्येक पेरावर बहुधा तीन-तीन पाने असतात. पिवळ्या कण्हेरीची पाने अरुंद, एकेकटी, फांदीभोवती फिरत चढलेली. फळ गोटीसारखे, कोन असलेले, आत दगडासारखी कठीण आठळी. दोन्ही विषारी, दोन्हींचे विष हृदयावर चालते. पण फुले नसलेल्या दिवसांत त्या वेगळ्या ओळखायच्या तर पेर मोजण्यासारखा दुसरा उपाय नाही.

मग पान तोडून चीक येतो का, पांढरा की पिवळा, हे पाहावे. चुरगळून वास घ्यावा. चव मात्र कधीही घेऊ नये. पिवळ्या धोत्र्याचा देठ मोडला, की हळदीसारखा पिवळा चीक येतो. खऱ्या धोत्र्याला तसा चीक नाही. एक अफूच्या कुळातला, दुसरा वांग्या-बटाट्याच्या कुळातला. संबंध काडीचा नाही. ह्या पिवळ्या धोत्र्याचे बी काळे, बारीक, थेट मोहरीसारखे असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात ह्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, पायांना सूज येऊन हजारो लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. ते तण आपल्याकडे ओढ्याकाठी आणि पडीक रानात हिवाळ्यात हमखास दिसते.

फूल आणि फळ ह्यांचा प्रश्न शेवटी येतो, पण निकाल तेच देतात. वसंतात पानगळ झाल्यावर पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडे तांबड्या फुलांनी पेटलेली असतात. पुष्कळ शहरवासी लोक तिघांनाही पळस म्हणतात, आणि लांबून मोटारीतून पाहणाऱ्याला दोष देता येत नाही. जवळ जाऊन पाहा. सावरीचे फूल वाटीएवढे, पाच मांसल पाकळ्यांचे, आत पुंकेसरांचा झुबका. खोडावर शंकूच्या आकाराचे काटे. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे, खोडाला काटा नाही. पांगाऱ्याचे फूलही वाटाण्याच्या घराण्यातले, पण झाडाला काटे. आता वैशाखात फुले सरली असली तरी काही बिघडले नाही. पळसाच्या शेंगेत टोकाला एकच बी, सावरीच्या बोंडात कापूस, आणि पालवी फुटली की पळस-पांगाऱ्याला तीन-तीन पर्णिका व सावरीला पंजासारख्या पाच-सात. झाड वर्षभर आपली ओळख सांगतच असते.

गवताबद्दल दोन शब्द सांगितले नाहीत तर इथले ऊसकरी मला सोडणार नाहीत. लव्हाळ्याला गवत म्हणायची आपली रीत आहे. पण तो गवताच्या कुळातला नाही. त्याचा फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. तीन धारा लागतील, आणि दांड्याला पेर नाही. हराळीची काडी गोल आणि सांध्यासांध्यांची. हा फरक नुसता पुस्तकी नाही. रुंद पानांच्या तणांसाठी म्हणून आणलेले औषध लव्हाळ्यावर मारून पैसे वाया घालवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. वरचा पाला जळलासा दिसतो आणि जमिनीतल्या गाठी पंधरा दिवसांत पुन्हा हिरव्या होतात. दुकानदाराकडे जाताना तण मुळासकट, गाठीसकट घेऊन जावे.

आता ज्या नावाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते नाव रानटाकळा. टाकळा आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर उगवणारी भाजी, पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे गोलट. रानटाकळा म्हणजे कासविंदा. त्याला पर्णिकांच्या चार-पाच जोड्या, टोके अणकुचीदार, आणि पान चुरगळले तर उग्र वास. पिवळी फुले दोघांचीही इतकी सारखी, की भांगलणीच्या बायकांखेरीज कुणी क्षणभर थांबत नाही. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात बिजनौरकडे वर्षानुवर्षे थंडीच्या सुरुवातीला लहान मुले एकाएकी आजारी पडून बेशुद्ध होत आणि दगावत. मेंदूज्वर समजून उपचार होत. विषाणू शोधला जाई आणि सापडत नसे. अखेरीस डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुलांच्या घरी जाऊन, ती काय खेळत होती, काय खात होती ह्याची चौकशी केली. मुलांनी रानातल्या कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. ते शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांच्या मृत्यूंचे उत्तर प्रयोगशाळेत सापडले नव्हते; घरामागच्या उकिरड्यावर ते उभे होते, पण त्याला कुणी विचारलेच नव्हते. आपल्याकडे कासविंदा रस्त्याच्या कडेला, गावठाणात, सगळीकडे आहे. भादव्यानंतर त्याच्या शेंगा भरतात, तेव्हा लहान मुलांच्या घरचा तेवढा तरी उपटून टाकावा.

कुणी म्हणेल, आम्ही प्रश्न विचारले, पण उत्तर जुळवायचे कोणाशी? त्यासाठी इकडच्या लोकांनी फार मोठे काम करून ठेवले आहे, आणि त्यात आपली माणसे पहिल्यापासून होती. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारातल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात छापला गेला. त्याच्या कामात वैद्य इट्टी अच्युतन ह्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते, आणि चित्रांवर झाडांची नावे नागरी लिपीतही कोरलेली आहेत. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक ह्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या वर्षांत प्रसिद्ध केला. तो शंभरावर वर्षे झाली तरी जाणकारांच्या टेबलावर असतो. त्याच सुमारास लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात मुंबईकडच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहीत होते. आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. म. म. सरदेसाई ह्यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ २००२ साली काढला. त्यात प्रत्येक जातीची वर्णने आहेत, आणि ती पानापासून फळापर्यंत अशाच क्रमाने जातात.

पण कधी कधी जुन्या पुस्तकात झाड नसतेच. १९५५ च्या सुमारास पुण्यात एक नवे तण दिसू लागले. कुकच्या ग्रंथात ते नव्हते. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेची पश्चिम शाखा पुण्यात नुकतीच सुरू झाली होती. तिथले आर. एस. राव ह्यांनी ते तपासले आणि १९५६ साली पार्थेनियम ह्या नावाने त्याची नोंद प्रसिद्ध केली. लोकांनी शास्त्रज्ञांची वाट पाहिली नाही. पाने गाजरासारखी म्हणून गाजर गवत, आणि पांढऱ्या फुलांमुळे काँग्रेस गवत. पुन्हा तीच युक्ती, ओळखीच्या वस्तूशेजारी अनोळखी वस्तू ठेवण्याची. ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर आले असे आपण सगळेच सांगतो. पण ज्या पी. एल. ४८० कायद्याखाली तो गहू आला त्याचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, आणि गवत पुण्यात त्याआधी दिसले होते. पुढे जुने वाळवलेले नमुने आणि जुन्या याद्या तपासताना ते देशात त्याही पूर्वी तुरळक येऊन गेल्याचे दिसले. कागदाला चिकटवून ठेवलेल्या एका काडीची साक्ष अशी कामाला येते, म्हणून अशा संग्रहांना मी झाडांचे दफ्तर म्हणतो. शिवाजी विद्यापीठातही असा संग्रह आहे. कोल्हापूरला जाणे झाले, तर पाहावा.

आजची मुले म्हणतील, गुरुजी, फोनने चित्र काढले की नाव येते. येते खरे, आणि पुष्कळदा बरोबरही येते. मी स्वतः तो उपयोग करतो, त्यात कमीपणा मानीत नाही. पण फोन एका चित्रावर बोलतो. चीक, वास, काटा, डोळा त्याला दिसत नाही. फुलाविना पानाचे चित्र दिले तर तो दसऱ्याच्या त्या पोरांसारखाच जोडपान पाहून मोकळा होतो. बागेतल्या शोभेच्या झाडाचे नाव हवे असेल तर फोन चालेल. तोंडात घालायची वस्तू असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये.

ह्याचा अनुभव करोनाच्या साथीत आला. २०२० साली घरोघरी गुळवेलीचा काढा होऊ लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाल्याचे त्यांनी लिहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आयुष मंत्रालयाने खुलासा केला, की खरी गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी तिची गल्लत करू नये. वाद काही दिवस चालला. मला त्यात एवढेच खटकले, की काढा करणाऱ्या शंभर घरांपैकी किती घरांनी वेल स्वतः पाहिली होती? गुळवेलीच्या जून खोडावरची साल कागदासारखी सुटते, वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात, आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्या दिसतात, पान हृदयाकार आणि गुळगुळीत असते, आणि पिकले फळ वाटाण्याएवढे तांबडे. जिच्याशी तिची गल्लत होते त्या जातीच्या खोडावर गाठी-फोड असतात. पानाखाली दाट लव असलेली आणखी एक जात आपल्या महाराष्ट्रातही उगवते. कुणाच्या तब्येतीला काय मानवते हे वैद्य आणि डॉक्टर सांगतील; वेल कोणती, एवढे तरी आपण त्यांच्यापुढे फांदी ठेवून विचारावे.

फांदी न्यायची कशी, तेही सांगतो, कारण पिशवीत कोंबून आणलेला पालापाचोळा पाहून जाणकाराचाही नाइलाज होतो. वीतभर लांबीची डहाळी घ्यावी. तीवर पाने, फूल आणि मिळाले तर फळ, तिन्ही असावीत; लहान रोप असेल तर मुळासकट. वर्तमानपत्राच्या घडीत पाने नीट पसरून ठेवावी, एखादे पान उलटे ठेवावे म्हणजे खालची बाजू दिसते. वर पाटी आणि पाट्यावर वरवंटा, एवढे वजन पुरते. पावसाळ्यात कागद रोज बदलावा, नाही तर बुरशी येते. आठवड्यात नमुना वाळतो. त्याच्याशेजारी एका चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, झाडाची उंची, आणि वाळल्यावर जे उडून जाते ते, म्हणजे फुलाचा रंग, वास, चीक, लिहून ठेवावे. आणि त्या गावात त्याला काय म्हणतात ते, विशेषणासकट. हे शेवटचे नाव शक्यतो भांगलणीच्या बायकांना विचारावे. पुरुषांना झाडे ठाऊक असतात ती लाकडाच्या आणि जनावराच्या उपयोगाची. तण आणि पालेभाज्या बायकांच्या हाताखालून जातात. ज्या आक्कांनी त्या दिवशी मला वाचवले, त्यांच्याकडून मी पुढे साठेक तणांची नावे लिहून घेतली. त्यांतली सहा-सात नावे कोणत्याही पुस्तकात मला सापडली नाहीत.

त्या वहीत एक नमुना अजून बिननावाचा आहे. रामलिंगाच्या चढावर, खडकाच्या कपारीत, आषाढात उगवणारी एक नाजूक वेल. पाने समोरासमोर, चीक पाण्यासारखा, फूल मी एकदाच पाहिले तेही मावळलेले. आक्का तिला "रानहमण" म्हणायच्या. हमण म्हटले तर कंदीलपुष्पाच्या प्रजातीकडे बोट जाते, पण पुढचा "रान" हा शब्द मला तसे लिहू देत नाही. ताजे फूल आणि शेंग मिळाल्याशिवाय चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, असे ठरवले आहे. यंदा मृगाचा पाऊस वेळेवर पडला, तर आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिकडे जाणार आहे. आपल्यापैकी कुणाला यायचे असेल त्यांनी पायांत चांगली वहाण घालून आणि एक जुने वर्तमानपत्र बरोबर घेऊन यावे.